टूरेट: टिक्स जागा आणि प्रसंग बघून बदलतात. तुमचा अनुभव काय?

तिरपा स्वल्पविराम (धागाकर्ता)

'टूरेट म्हणजे काय' छापाची माहिती पुष्कळ ठिकाणी आहे. मला ज्यावर बोलायचंय ते मात्र फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

मला लहानपणापासून टूरेट आहे, म्हणजे मनात नसताना होणाऱ्या हालचाली आणि आवाज; त्यांनाच टिक्स म्हणतात. सुरुवात डोळे मिचकावण्यापासून झाली, मग नाक, मग मान, मग घशातून 'हुं' असा बारीक आवाज. आता पस्तिशी उलटली. शाळेत होत्या त्यापेक्षा टिक्स पुष्कळ कमी आहेत, पण गेल्या नाहीत. सध्याचा मुक्काम: मान डावीकडे झटकणं, उजवा खांदा आणि तो 'हुं'. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: तोंडून आपोआप शिव्या येणं नाही. टूरेट असलेल्यांपैकी दहात एखाद-दुसऱ्यालाच तो प्रकार असतो, पण सगळ्यांना माहीत असतो तेवढाच.

तर मुद्दा. माझ्या टिक्स दिवसभर एकसारख्या नसतात. मीटिंगमध्ये मी बोलत असेन तर जवळपास नाहीतच. दुसरा बोलतोय आणि मी नुसता ऐकतोय, की मान सुरू. मीटिंग संपून जिन्यात आलो की मान, खांदा, 'हुं' सगळं एकदम. गाडी चालवताना शांत, सिग्नलला थांबलो की सुरू. टायपिंग करताना नाही, फाइल उघडायची वाट बघताना हमखास. नाट्यगृहात विनोदी प्रवेश चालू असेल तर काही नाही, पण सगळं प्रेक्षागृह चिडीचूप झालं की घशात तो आवाज येऊन बसतोच. फोनवर तर गंमतच आहे. माझा 'हुं' समोरच्याला होकार वाटतो. एका ग्राहकाने माझ्या दोन-तीन 'हुं'वर काम ठरलं असं धरून चाललं होतं.

यातलं मी काहीच ठरवत नाही. पण बघणाऱ्याला तसं दिसत नाही. परवा एक सहकारी अगदी सहज म्हणाला, "मीटिंगमध्ये तर तासभर नीट बसला होतास की!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकतोय आणि त्यामागचा अर्थ एकच असतो: तेव्हा जमलं, मग आत्ता का नाही?

तुमच्या (किंवा मुलांच्या, जोडीदाराच्या) टिक्स कुठे वाढतात, कुठे कमी होतात? आणि या 'तेव्हा जमलं' वाल्यांना तुम्ही काय सांगता?

---

निवांत कोपरा

अगदी मनातलं लिहिलंत. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेतून शिक्षिका सांगतात, "वर्गात काही त्रास दिसत नाही." घरी आला, दप्तर टाकलं की तासभर नुसता दंगा: डोळे, तोंड वाकडं करणं, पोट आत ओढणं, कुत्र्यासारखा बारीक आवाज. सासूबाईंचं ठाम मत, की घरात लाड होतात म्हणून घरी करतो.

त्याहून कहर म्हणजे डॉक्टरांकडे. वाट बघताना बाहेरच्या खुर्चीवर जोरात चालू होतं. आत गेल्यावर वीस मिनिटं एक टिक नाही! डॉक्टर चांगले होते, हसले आणि म्हणाले, घरचा व्हिडिओ काढून आणा. त्याला कळू न देता काढला, कारण समोर फोन धरला की बदलतंच सगळं.

---

शंकेखोर

राग मानू नका, शंका प्रामाणिक आहे. मीटिंगमध्ये रोखता येतात, डॉक्टरांसमोर थांबतात, म्हणजे काही प्रमाणात तरी ऐच्छिक आहेत ना? पूर्ण अनैच्छिक गोष्ट (उदा. हृदयाचे ठोके) मीटिंग बघून थांबत नाही.

---

तिरपा स्वल्पविराम

@शंकेखोर, राग नाही, उलट बरं झालं विचारलंत. बहुतेक जण मनात ठेवतात.

एक करून बघा. आत्ता हे वाचता वाचता पापणी मिटू नका. जमेल. मग डोळे चुरचुरतील, मग डोक्यात दुसरं काही राहणार नाही, आणि एका क्षणी पापणी मिटेल. ती तुम्ही मिटली की मिटली गेली? टिकच्या आधी मला मानेत नेमकी अशीच उबळ येते, डाव्या कानाखाली बोटभर जागेत. झटका दिला की क्षणभर मोकळं वाटतं आणि पुन्हा भरायला लागतं. थोपवता येते, पण त्या वेळात समोरचा काय बोलला यातलं निम्मं मला ऐकू आलेलं नसतं.

आणि मीटिंगमध्ये बोलताना मी थोपवत नसतो. तेव्हा उबळच येत नाही. थोपवणं आणि मुळात न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून मात्र सारख्याच दिसतात.

---

सायंप्रकाश

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, टिक्स असलेल्या मुलांबरोबर काम करते. जरा मोठा प्रतिसाद देतेय.

धागाकर्त्याने लिहिलेला शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. टिक्सचं मूळ मेंदूत आहे: बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे गट) आणि मेंदूचं बाह्य आवरण यांना जोडणाऱ्या मंडलांमध्ये. हालचाल निवडणं आणि नको असलेली हालचाल अडवणं हे त्यांचं काम, आणि त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा मोठा. ही मंडलं भावना, लक्ष, सवय यांच्याशीही जोडलेली असतात. म्हणजे मूळ शरीरातलं असलं, तरी टिक कधी आणि किती यावर परिस्थितीचा परिणाम होणारच. प्रसंगानुसार बदलणं हा टिक खोटी असल्याचा पुरावा नाही, तो टिक्सचा स्वभावच आहे. निदान करताना आम्ही उलट त्याकडेच बघतो.

जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरने 1885 मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून नाव पडलं. आज निदानासाठी दोन किंवा जास्त हालचालींच्या टिक्स, किमान एक आवाजाची टिक, वर्षाहून अधिक काळ आणि सुरुवात 18 वर्षांच्या आत, असे निकष आहेत. त्या वर्षभरात कमी-जास्त होत राहणं गृहीतच धरलेलं आहे. साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात सुरुवात, दहा-बाराच्या आसपास जोर, आणि पुढे बऱ्याच जणांत उतार.

सहसा वाढवणाऱ्या गोष्टी: ताण, दमणूक, अपुरी झोप, कंटाळा, वाट बघणं, आणि आनंदाची उत्तेजनासुद्धा. हे शेवटचं पालकांना चकवतं, वाढदिवसाला मूल खूश असतं आणि टिक्स शिखरावर. काहींना उकाड्याने वाढतात. कमी करणाऱ्या: मन पूर्ण गुंतेल असं काम, विशेषतः ज्यात शरीराची सफाईदार हालचाल आहे. वाद्य वाजवणं, खेळ, चित्र. पण ही यादी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून छापील यादीपेक्षा स्वतःची बनवावी.

आणखी एक: टिक्सबद्दल बोललं की टिक्स वाढतात. हा धागा वाचताना कुणाला जाणवत असेल तर घाबरू नका.

---

उलटी गंगा

>> हा धागा वाचताना कुणाला जाणवत असेल

आत्ता कळलं का मी चौथ्यांदा नाक उडवलं! प्रतिसाद टंकेपर्यंत खांदाही आला सोबतीला. :ड

माझी नोंद: लिफ्टमध्ये एकटा असलो की येतात, अनोळखी माणूस आला की जातात, ओळखीचा आला की दुप्पट. बायको म्हणते, "मी आले की सुरू करतोस." मी म्हणतो, हा मान समज, तुझ्यासमोर मला सांभाळून बसावं लागत नाही. तिला काही पटलेलं नाही.

---

जुना खांब

साठी उलटली आहे. आमच्या वेळी याला नाव नव्हतं, 'वाईट सवय' होती आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे पाठीत धपाटा. निदान पन्नाशीत झालं, तेही नातवाला दाखवायला नेलं तेव्हा. डॉक्टर त्याच्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होते.

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. लोकांना पटत नाही. डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरला की हात दगडासारखा स्थिर. मान नाही, डोळा नाही, काही नाही. स्क्रू बसला, चिमटा खाली ठेवला की खांदा असा उडायचा की शेजारचा दचकायचा. उडण्याआधी चिमटा खाली ठेवलेला असायचाच. खांद्याला कसं कळायचं, देव जाणे. चाळीस वर्षांत एक घड्याळ पाडलं नाही.

गिऱ्हाईक समोर उभं राहून घाई करू लागलं तर मात्र भिंग लावूनही जमायचं नाही. म्हणून 'उद्या या' सांगायचो. लोक मला आळशी समजायचे.

---

गोलपोस्ट

@जुना खांब, तुमचा प्रतिसाद वाचून टिम हॉवर्ड आठवला, अमेरिकेचा फुटबॉलमधला माजी गोलरक्षक. त्याला टूरेट आहे आणि तो त्याबद्दल उघडपणे बोलतो. चेंडू लांब असताना टिक्स चालू असायच्या, चेंडू गोलजवळ आला की थांबायच्या, असं त्याने सांगितलंय. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने जे अडवलं ते पाहिलेल्यांना सांगायला नको.

---

रिकामी ओळ

हॉवर्डचं उदाहरण छानच, पण त्याची एक बाजू टोचते. 'आवडीचं काम करताना टिक्स जातात' हे ऐकून लोक म्हणतात, मग तू आवडीचं काही कर ना! लुईस कपाल्डी गायक आहे, गाणं त्याचा जीव आहे. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर गाताना टिक्स आल्या आणि त्याला गाणं पुरं करता येईना. श्रोत्यांनी ते म्हणून पुरं केलं. त्यानंतर त्याने कार्यक्रमांतून विश्रांती घेतली. तेव्हा आवड असली की झालं, असं सरळ गणित नाही.

मी व्हायोलिन वाजवते. घरी शांत. रियाजात शांत. परीक्षकांसमोर पहिल्या दोन मिनिटांत मान इतकी झटकली की हनुवटीखालून व्हायोलिन सुटलं. तेच वाद्य, तीच रचना.

---

निवांत कोपरा

@सायंप्रकाश, एक विचारू? मुलाच्या टिक्स गृहपाठाला बसलं की वाढतात. मी वही बंद करते, पाठीवर हात फिरवते, थोडं खेळायला देते. कमी होतात. पण हल्ली वही उघडायच्या आधीच सुरू होतात. सासूबाईंना वाटतं तो मला गुंडाळतोय. तसं आहे का?

---

सायंप्रकाश

गुंडाळत नाही, हे आधी. पण तुम्ही टिपलेली गोष्ट खरी आहे आणि तिच्यावर काम करता येतं.

टिकच्या आधी काय घडलं आणि टिकनंतर काय घडलं, दोन्ही बघायचं. आधी: कंटाळवाणं काम, चुकण्याची भीती. नंतर: काम थांबलं, आई जवळ आली. मेंदू अशा जोड्या आपोआप शिकतो, त्यात मुलाचा डाव नसतो. उपाय म्हणजे टिक आणि सुटका यांची जोडी तोडायची. विश्रांती द्याच, पण टिक आली म्हणून नको, ठरलेल्या वेळी. दहा मिनिटं अभ्यास, मग उठायचं, टिक्स असोत वा नसोत. पाठीवरचा हातही टिक नसताना फिरवा. टिक आली की कुणी काही बोलायचं नाही, 'थांबव' नाही आणि 'बरा आहेस ना' पण नाही. घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंसकट.

हा सीबिट नावाच्या वर्तनोपचाराचा एक भाग आहे. दुसरा भाग म्हणजे उबळ ओळखून तिच्याशी एकाच वेळी होऊ न शकणारी हालचाल करायला शिकणं. मान झटकत असेल तर हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, उबळ ओसरेपर्यंत. 2010 मध्ये 126 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: सीबिट मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात पाचात एकापेक्षाही थोड्या कमी मुलांत. म्हणजे जादू नाही, पण हातात काहीतरी आहे. टिक्सचा खरंच त्रास होत असेल तरच औषधं, क्लोनिडीन, अरिपिप्राझोल वगैरे, आणि ती डॉक्टरच ठरवतील.

---

उलटी गंगा

इथे थोडं असहमत. थोपवायला शिकवणारे उपचार ऐकले की माझं डोकं फिरतं. दिवसभर दाबलं की संध्याकाळी व्याजासकट बाहेर येतं. धागाकर्त्याचा जिना बघा.

---

सायंप्रकाश

हा अनुभव पुष्कळ जण सांगतात. प्रयोगांत मात्र मुलांना काही वेळ टिक्स रोखायला सांगून नंतर मोजलं, तर त्या आधीपेक्षा वाढलेल्या दिसल्या नाहीत, फक्त मूळ पातळीवर परतल्या. शांततेनंतरची मूळ पातळी स्फोटासारखी भासू शकते. त्यात दिवसभराची दमणूक आणि घरचा मोकळेपणा आला. शिवाय पर्यायी हालचाल करणं म्हणजे दात-ओठ खाऊन दाबणं नव्हे.

---

तिरपा स्वल्पविराम

प्रयोगशाळेतला अर्धा तास आणि ऑफिसचे नऊ तास यांत फरक आहे, एवढं मात्र म्हणेन. माझं निरीक्षण: जिन्यातल्या टिक्स ज्या दिवशी मी मीटिंगमध्ये थोपवल्या त्या दिवशीही येतात, आणि बोलण्याच्या नादात आल्याच नाहीत त्या दिवशीही येतात. पण पहिल्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी चिपाड झालेला असतो, दुसऱ्या दिवशी नाही. म्हणजे व्याज टिक्समध्ये नसेलही, थकव्यात नक्की आहे.

सीबिटने मला फायदा झाला, मानेपुरता. 'हुं'साठी नाकाने सावकाश श्वास शिकवला होता, तो फोनवर बोलताना करता येत नाही.

---

गल्लीबोळ

माझी भाची, पंधरा वर्षांची. आधी काही नव्हतं. एका आठवड्यात अचानक हात आपटणं, लांबलचक वाक्यं ओरडणं सुरू झालं. टिक्सचे व्हिडिओ खूप बघायची. टूरेटच का?

---

सायंप्रकाश

न बघता सांगता येणार नाही, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पण किशोरवयात एकदम सुरुवात आणि पहिल्यापासून एवढ्या गुंतागुंतीच्या हालचाली, हे टूरेटचं नेहमीचं चित्र नाही. टूरेट सहसा लहानपणी, डोळे-चेहऱ्यापासून, हळूहळू येतं. 2020 नंतरच्या महामारीच्या काळात अनेक देशांत तुमच्या भाचीसारख्या मुली डॉक्टरांकडे आल्या, त्याला फंक्शनल टिकसदृश वर्तन म्हणतात. तेही नाटक नसतं, पण उपचाराची दिशा वेगळी असते.

---

खडूची भुकटी

शिक्षकी पेशातून थोडं. टिक्स असलेल्या मुलाला 'लक्ष ठेवता यावं' म्हणून पहिल्या बाकावर बसवतात. मग पूर्ण वर्ग त्याच्या मानेकडे बघत बसतो. मी कडेला, मागच्या बाजूला, दाराजवळ बसवते. पाणी प्यायला जायची परवानगी कायमची, विचारायचं नाही. परीक्षेला वेगळी खोली मिळाली तर उत्तम, कारण शांत हॉलमध्ये आवाजाची टिक असलेलं मूल पेपर लिहीतच नाही, तीन तास घसा सांभाळत बसतं.

'वर्गात काही दिसत नाही' म्हणणाऱ्या शिक्षिकेला @निवांत कोपरा यांनी एवढंच विचारावं, की ऐकलेलं लक्षात राहतं का त्याच्या?

---

शंकेखोर

पापणीचा प्रयोग केला. अर्ध्या मिनिटात धाग्यातलं एक वाक्य तीनदा वाचलं. मुद्दा पोचला. एक उरलेली शंका: झोपेत?

---

सायंप्रकाश

खूप कमी होतात, पण सगळ्यांच्या पूर्ण थांबत नाहीत.

---

रिकामी ओळ

कुणी केस कापण्याबद्दल बोललंच नाही! माझ्यासाठी जगातली सर्वांत अवघड खुर्ची. समोर मोठा आरसा, कानाशी कात्री, आणि वर 'हलू नका'. आरशात स्वतःला बघितलं की मला नक्की वाढतात. कसं करता तुम्ही लोक?

---

उलटी गंगा

गर्दी नसेल त्या वेळी जातो, एकाच माणसाकडे. खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवायला सांगतो. बसायच्या आधीच सांगून ठेवतो: "माझी मान अधूनमधून झटकते. मी बोट वर केलं की कात्री लांब घ्या, खाली केलं की चालू द्या." कानामागचं काम तो कात्रीऐवजी यंत्राने करतो, पात्यावर टोपी लावून. आणि मी अखंड बडबडतो, कारण बोलताना कमी येतात. त्याला माझ्या ऑफिसातलं सगळं राजकारण पाठ झालंय.

---

तिरपा स्वल्पविराम

बोट वर करायची युक्ती ढापली. दातांच्या डॉक्टरकडे चालेल का? तिथे बडबड करायची सोय नाही.

---

जुना खांब

चालते. मी पोटावर हात ठेवतो आणि तळहात उचलतो, त्यांना बोटापेक्षा तो नीट दिसतो. एकच सांगणं: मान वर्षानुवर्षं झटकत असेल आणि हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येऊ लागला, तर टिकच आहे म्हणून अंगावर काढू नका, लगेच दाखवा. मी उशिरा दाखवलं नाही म्हणून चिमटा अजून हातात आहे.